फाइलपासून आकाशकंदिलापर्यंत

संगणकावर आखलेली रेघ यंत्राकरवी थेट लाकडात, ॲक्रेलिकमध्ये, पत्र्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये उतरवण्याच्या तंत्राला डिजिटल फॅब्रिकेशन म्हणतात. त्यातली यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची. लेझर कटर कापतो, सीएनसी राउटर कोरतो आणि थ्रीडी प्रिंटर थरावर थर चढवून वस्तू उभी करतो. स्टिकर कापणारा व्हिनाइल कटर हा यांचाच धाकटा भाऊ. कारखान्यांना हे तंत्र नवे नाही. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग मशीन अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९५२ मध्येच दाखवले होते. छंद म्हणून काही घडवणाऱ्यांच्या हाती मात्र ही यंत्रे गेल्या पंधरा-वीस वर्षांतच आली. वितळलेल्या प्लॅस्टिकचा धागा पसरवून वस्तू छापण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ प्रकल्प सुरू करून प्रिंटरची रचना सर्वांसाठी खुली केली होती. पेटंटचे कुलूप निघाले, खुले आराखडे हाती होते, आणि काही लाखांचे यंत्र काही हजारांत मिळू लागले.

लेझरच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात नसतो. लाकूड, कागद आणि ॲक्रेलिक कापणाऱ्या बहुतेक यंत्रांत कार्बन डायऑक्साइड लेझरची नळी असते. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. या लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे तो अवरक्त पट्ट्यातला असतो. लाकूड, कागद, कापड आणि ॲक्रेलिक तो शोषून घेतात, तापतात आणि जळून किंवा वितळून कापले जातात. धातू तो परत फेकतो. म्हणूनच कंदील कापणाऱ्या दुकानात पितळेची पट्टी कापून मिळत नाही. त्यासाठी सुमारे एक मायक्रॉन तरंगलांबीचा फायबर लेझर लागतो, आणि तो पत्रा कापणाऱ्या कारखान्यात असतो. घरी ठेवता येतील असे स्वस्त निळे डायोड लेझर आता बाजारात आहेत. ते पातळ प्लायवुड आणि पुठ्ठा नीट कापतात, पण पारदर्शक ॲक्रेलिकमधून त्यांचा किरण आरपार निघून जातो. यंत्र विकत घेण्याआधी ही एवढी माहिती असली तरी बरेच पैसे वाचतात.

ही यंत्रे सामान्य माणसाच्या हाती द्यावीत हा विचार मराठी मुलखात लवकर रुजला. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे सूत्र होते. शाळा सोडलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती आणि वीजजोडणी प्रत्यक्ष काम करत शिकत. एमआयटीतील नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ अशा नावाचा अभ्यासक्रम सुरू केला होता. त्यातून ‘फॅब लॅब’, म्हणजे अशा यंत्रांची सर्वांना खुली प्रयोगशाळा, ही कल्पना पुढे आली आणि अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. गर्शनफेल्ड यांच्या २००५ मधील ‘फॅब’ या पुस्तकात पाबळचा उल्लेख येतो तो दुधाची प्रत तपासणारी आणि डिझेल इंजिनाची गती मोजणारी उपकरणे या गरजांच्या संदर्भात. फॅब लॅबवाल्यांची पाचवी आंतरराष्ट्रीय परिषद २००९ मध्ये पुण्यात भरली. आज शंभराहून अधिक देशांत अशा प्रयोगशाळा आहेत.

पाबळच्या यंत्रांचे पहिले काम गरजेचे होते. शोभेच्या वस्तू नंतर आल्या. छंदाच्या दृष्टीने हा क्रम चांगला ठरला, कारण माप घेणे, चुकलेला तुकडा बाजूला ठेवून फाइल दुरुस्त करणे आणि हातातल्या मालाचा स्वभाव ओळखणे या सवयी कामातून येतात. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेले आणि पुढे गोव्यात मोयरा येथे गेलेले ‘मेकर्स असायलम’ हे याच वाटेवरचे ठिकाण. केंद्र सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान दिले आणि थ्रीडी प्रिंटर शाळांत पोचले. अनेक शाळांत त्यावर किचेनपलीकडे फारसे काही निघत नाही, हेही खरे. यंत्र शाळेत पोचवणे सोपे, त्यावर काय करायचे हे सुचवणारा माणूस मिळणे अवघड.

नाशिकजवळच्या एकलहऱ्यात तसा माणूस शोधायला फार लांब जावे लागू नये. एकलहरे हे औष्णिक वीज केंद्राचे गाव. गोदावरीचे पाणी वापरणाऱ्या या केंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१ मधले, प्रत्येकी १४० मेगावॅटचे, आता निवृत्त. १९७९ ते १९८१ या काळात आलेले २१० मेगावॅटचे तीन संच मागे राहिले. अशा केंद्राला फिटर, टर्नर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन लागतात. त्यांच्या हातांना मिलिमीटरचा दहावा भाग कळतो आणि व्हर्निअर कॅलिपर ही त्यांच्यासाठी खिशातली वस्तू असते. गावाच्या हद्दीत मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून थोड्या अंतरावर नाशिक रोडला नोटा आणि मुद्रांक छापणारी सरकारी मुद्रणालये आहेत. धातूत बारीक कोरीव रेघ ओढण्याची परंपरा तिथे शंभर वर्षांच्या आसपासची. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणाऱ्या आणि सुटे भाग करणाऱ्या शेडची कमतरता नाही. नाशिकचेच असलेले एमआयटी मीडिया लॅबमधील रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१५ च्या सिंहस्थाआधी ‘कुंभथॉन’ हे नवकल्पनांचे शिबिर भरले होते. गर्दी मोजणाऱ्या चटईसारख्या कल्पना तेव्हा तरुणांनी प्रत्यक्षात आणल्या. थोडक्यात, या भागात यंत्रेही आहेत आणि हातही. छंद करणाऱ्याने आणायची ती फक्त फाइल.

ही गोष्ट नवशिक्याच्या मनावर ठसायला हवी. स्वतःचे यंत्र असल्याशिवाय सुरुवात होत नाही हा समज चुकीचा आहे. नावाच्या पाट्या, ट्रॉफी आणि एलईडी बोर्ड बनवणाऱ्या दुकानांत लेझर कटर असतोच. तो दुकानदार मिनिटाच्या किंवा शीटच्या हिशोबाने जॉबवर्क घेतो. तो विचारतो दोनच गोष्टी: माल किती जाडीचा, आणि फाइल कर्व्ह केली आहे का, म्हणजे अक्षरे रेघांत बदलली आहेत का. फाइल म्हणजे वेक्टर रेघांचा आराखडा. दुकानांत कोरलड्रॉ चालते. फुकट हवे असेल तर इंकस्केप आहे, थ्रीडीसाठी फ्रीकॅड आणि ब्लेंडर आहेत. फोटो कापता येत नाही, रेघ कापता येते, एवढा फरक समजला की पहिला अडथळा पार होतो. कोणती रेघ आरपार कापायची आणि कोणती वरवर कोरायची, हे वेगवेगळ्या रंगांनी दाखवण्याचा रिवाज आहे.

मराठी घरात या छंदाला जागा आधीपासून तयार आहे, आणि ती म्हणजे सणांची. आकाशकंदील हे त्यातले सर्वांत चांगले पहिले काम. कामट्या, घोटीव कागद आणि खळ घेऊन षट्कोनी कंदील बांधणाऱ्याला भूमिती शिकवावी लागत नाही. फक्त कामटीच्या जागी ३ मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडी तंतूंची दाबून केलेली फळी, येतो आणि दोऱ्याच्या गाठीच्या जागी खाच. खाचेतच या कलेचे निम्मे ज्ञान आहे. लेझरचा किरण स्वतःच्या रुंदीइतका माल जाळून टाकतो. त्याला कर्फ म्हणतात आणि तो साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतो. म्हणून ३ मिलिमीटर आखलेली खाच प्रत्यक्षात थोडी मोठी निघते. शिवाय ३ मिलिमीटर म्हणून विकलेला एमडीएफ कॅलिपरखाली कधी २.८ भरतो, तर कधी ३.१. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर कंदील खुळखुळतो, विरुद्ध बाजूला पडल्या तरच जोड घट्ट बसतो. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. टाकाऊ तुकड्यावर २.६ पासून ३.२ पर्यंत खाचांची एक पट्टी कापून घ्यावी आणि जिच्यात त्याच शीटचा तुकडा अंगठ्याच्या दाबाने घट्ट बसेल ते माप पूर्ण आराखड्यात भरावे. गोंदाशिवाय उभा राहणारा कंदील दिवाळीनंतर सोडवून सपाट ठेवता येतो. कागदी कंदिलाला हे जमत नव्हते.

कंदिलाची जाळी आखताना लाकडाच्या किती बारीक पट्ट्या शिल्लक राहतात याकडे पाहावे. एमडीएफमध्ये दोन मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी हाताळताना मोडते. जाळीमागे बटर पेपर लावला की प्रकाश सारखा पसरतो. न लावल्यास भिंतीवर सावल्यांची नक्षी पडते. कोणते हवे हे आधी ठरवलेले बरे. दिवा एलईडीचाच असावा. एमडीएफला पाण्याचे वावडे आहे. अवकाळी पावसाचा एक शिडकावा कडा फुगवतो, तेव्हा वॉर्निशचा हात द्यायला विसरू नये.

मखरांतही असाच माल बदलला. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आणली. थर्माकोल तापलेल्या तारेने कापणाऱ्या कारागिरांचा धंदा अडचणीत आला आणि पुठ्ठा, कागद व एमडीएफच्या घडीच्या मखरांना मागणी आली. त्यातली बरीच एकाच छापाची असतात: तीच कमान, तोच मोर. घरच्या गणपतीची उंची आणि कोनाड्याची रुंदी मोजून आखलेले मखर दुकानातल्यापेक्षा उजवे ठरते ते याच कारणाने.

नावाच्या पाटीकडे वळल्यावर देवनागरीचा एक गुण समोर येतो. रोमन अक्षरे कापली की सुटी सुटी हाती येतात आणि एकेक करून चिकटवावी लागतात. देवनागरी शब्द शिरोरेषेने आपोआप जोडलेला असतो. ‘एकलहरे’ हा शब्द कापला तर पूर्ण शब्द एका तुकड्यात हाती येतो. ‘अंबड’ कापला तर अनुस्वाराचा ठिपका यंत्राच्या जाळीतून खाली पडतो, म्हणून त्याला शिरोरेषेपर्यंत एक बारीक दांडी द्यावी लागते. विसर्गाचेही तेच. उलट, अक्षरे पोकळ ठेवून सभोवतीची पाटी राखायची असेल, म्हणजे स्टेन्सिल करायची असेल, तर ‘व’, ‘ब’ आणि ‘क’ यांच्या पोटातला भाग गळून जातो. तिथे अक्षराच्या वळणाला साजेसा पूल सोडणे हे सुलेखनाचेच काम आहे. तो पूल कुठेही ठोकून दिलेल्या पाट्या नजरेला लगेच बोचतात.

टाइपची आणखी एक खुबी आहे. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर हे दिसत नाही, पण लेझर प्रत्येक अक्षराची सीमा इमानाने कापतो आणि शब्दाचे तुकडे करतो. म्हणून मजकूर कर्व्ह केल्यावर सर्व आकार ‘युनियन’ किंवा ‘वेल्ड’ करून एक बाह्यरेषा करावी लागते. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हेही तपासावे. भाषा मराठी न निवडल्यास काही फाँट हिंदी वळण देतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याचे असून त्यांतला जाड ‘बलू’ कापायला विशेष सोयीचा आहे.

भांड्यावर नाव घालण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. आहेराच्या तांब्यावर किंवा पातेल्यावर देणाऱ्याचे नाव टोच्याने, नंतर विजेच्या पेनाने कोरले जाई. फायबर लेझर मार्किंग आता तेच काम काही सेकंदांत करते आणि अक्षर अगदी रेखीव येते. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या पेठेला साजेसा हा जोड आहे. विजेच्या पेनाच्या थरथरत्या अक्षरात जी ओळख होती ती मात्र त्यात येत नाही. हवी असेल तर आजीच्या हस्ताक्षरातली ओळ स्कॅन करून, रेघांत बदलून कोरता येते, आणि ती जास्त गोड दिसते.

दिवाळीचा किल्ला हे या छंदाचे सर्वांत समृद्ध क्षेत्र ठरावे. नाशिक जिल्ह्यात साल्हेर, रामशेज, हरिहर, अंकाई-टंकाई असे किल्ले आहेत. १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठा लष्करी स्थळांत त्याचा समावेश आहे. अमेरिकेच्या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने घेतलेली भूभागाची उंची मोफत मिळते. त्यात सुमारे ३० मीटरच्या चौकटीला एक आकडा असतो. त्यावरून समोच्च रेषा काढून त्या पुठ्ठ्यात किंवा एमडीएफमध्ये कापल्या आणि एकावर एक चिकटवल्या की डोंगर उभा राहतो. हिशोब असा बसतो. ३ मिलिमीटरचा एक थर २० मीटर उंचीचा धरला तर प्रमाण सुमारे १:६,६६७ येते. दोन किलोमीटरचा मुलूख ३० सेंटिमीटरच्या फळीवर मावतो आणि माथ्याकडचे ५०० मीटर २५ थरांत, म्हणजे साडेसात सेंटिमीटर उंचीत उतरतात. उंची मुद्दाम दीडपट केली तर डोंगर डोळ्यांना अधिक खरा वाटतो. प्रत्यक्षात चढताना तो तसाच भासतो म्हणून. या आकड्यांची मर्यादाही समजून घ्यावी. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या ३० मीटरच्या चौकटीत हरवून जातात. त्या हातानेच कोराव्या लागतात, आणि किल्ला करणाऱ्या मुलांना तोच भाग सर्वांत आवडतो.

बुरूज, दरवाजे, मावळे आणि तोफा थ्रीडी प्रिंटरवर निघतात. घरगुती प्रिंटर १.७५ मिलिमीटर जाडीचा धागा वितळवून बहुधा ०.४ मिलिमीटरच्या नोझलमधून ०.२ मिलिमीटरचे थर रचतो. आधाराशिवाय हवेत वस्तू छापता येत नाही. साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकणाऱ्या भागाला तात्पुरता टेकू द्यावा लागतो आणि तो काढल्यावर पृष्ठभाग खरखरीत राहतो. उगारलेल्या तलवारीचा मावळा म्हणूनच सरळ उभ्या मावळ्यापेक्षा अवघड. मक्यासारख्या पिकांपासून मिळणारे पीएलए हे प्लॅस्टिक सोपे आणि कमी वासाचे आहे, पण साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते. एप्रिलमध्ये उन्हात बंद गाडीत ठेवलेली पीएलएची वस्तू वाकडी झालेली सापडते. पावसाळ्यात धागा दमट होतो आणि छापताना फटफट आवाज करत बुडबुडे सोडतो, तेव्हा तो सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवतात. विजेचा खर्च नगण्य आहे. छोटा प्रिंटर सरासरी शंभर वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे दहा तासांच्या छपाईला एक युनिट.

एकलहऱ्याच्या स्वतःच्या मालातूनही काही करता येते. औष्णिक केंद्राच्या चिमणीआधी पकडलेली राख, म्हणजे फ्लाय ॲश, सिमेंट आणि विटांसाठी जाते. पोझोलाना सिमेंट म्हणून जे गोणीतून येते त्यात भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख असते. राखेचे कण सूक्ष्म आणि गोलाकार असल्याने मिश्रण साच्यात सहज पसरते आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या साच्यात अशा सिमेंटच्या कुंड्या, पणत्यांचे ठोकळे आणि पाटीचे आकडे उत्तम ओतता येतात. साच्याच्या भिंतींना दोन-तीन अंशांचा उतार द्यावा, आतून तेलाचा हात फिरवावा आणि सोडवण्याची घाई करू नये. राखमिश्रित सिमेंट सुरुवातीला हळू ताकद धरते. दुसऱ्या दिवशी काढलेल्या तुकड्याच्या कडा उडतात, म्हणून साच्यातच त्याला दोन-तीन दिवस ओले राहू द्यावे.

सुरक्षेच्या बाबतीत एक नियम इतर सगळ्यांच्या वर आहे: पीव्हीसी लेझरखाली कधीही ठेवू नये. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, तो माणसाला घातक आहे आणि यंत्रही गंजवतो. फ्लेक्स, रेक्झिन आणि अनेक स्टिकर पीव्हीसीचेच असतात, तेव्हा माल ओळखीचा नसेल तर कापू नये. चालू लेझर सोडून चहाला जाऊ नये. एमडीएफ पेट घेऊ शकतो. डायोड लेझरला त्याच्या तरंगलांबीचा चष्मा लागतो, साधा गॉगल चालत नाही. एमडीएफची बारीक धूळ आणि जळका धूर यांसाठी बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच.

इंटरनेटवर लाखो तयार आराखडे फुकट मिळतात. परवाना पाहून ते वापरावेत. अनेकांवर ‘विक्रीसाठी नाही’ अशी अट असते आणि दिवाळीच्या प्रदर्शनात तिकडे सर्रास डोळेझाक होते. शिकण्यासाठी दुसऱ्याची फाइल उघडून पाहणे चांगले, पण तीच कापून आणली तर छंद दुकानात संपला. यंत्राने हाताचे कौशल्य कमी केले असे म्हणतात. खरे तर त्याने ते आधी, कागद-पेन्सिल आणि कॅलिपरपाशी नेऊन ठेवले आहे. ज्याला माप घेता येत नाही त्याचे काम लेझरही सुधारू शकत नाही.

पुढील प्रकरणांत सपाट कामे आधी, जोडकामे मग आणि थ्रीडी कामे शेवटी हा क्रम याच विचाराने ठेवला आहे. पहिला कंदील याच वर्षी टांगायचा असेल तर फाइल नवरात्रातच दुकानात द्यावी. वसुबारसेनंतर लेझरवाल्याकडे नंबर लागत नाही.